गाडीची वही कोणाच्या हाती?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील वाहतूक कामगार आणि कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ट्रक, टँकर, कंपनीची बस किंवा घरची मोटार या क्षणी कोठे आहे हे घरबसल्या दाखविणाऱ्या जी.पी.एस. यंत्रावर बोलण्यासाठी अर्थशास्त्राच्या एका निवृत्त मास्तराला कशाला बोलावले, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. यंत्र विकणारा दुकानदार त्यावर माझ्यापेक्षा अधिक सफाईने बोलू शकेल. परंतु त्याच्या बोलण्यात डिझेलची बचत असते, चोरीची भीती असते आणि मुलाबाळांची काळजी असते. मजुरी, कामाचे तास आणि नोंदीवरचा हक्क यांचा उच्चार त्यात नसतो. तो आपण करावयाचा आहे.

ह्या दोन तालुक्यांचा आजचा व्यवहार डोळ्यांसमोर आणा. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव ह्या पट्ट्यातील कारखान्यांचा कच्चा माल पुणे-नगर रस्त्याने येतो आणि तयार माल त्याच रस्त्याने जातो. तिकडे कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीचे टँकर पुणे-सोलापूर महामार्गाला लागतात. ह्या दोन महामार्गांना न्हावरे-चौफुला रस्ता जोडतो. गळिताच्या हंगामात त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, बारा महिने दुधाच्या गाड्या असतात, आणि भीमा व घोड नद्यांच्या वाळूची वाहतूक बहुधा रात्रीची असते. कारखान्यातल्या कामगाराला निदान एक फाटक असते, आणि त्या फाटकावर सभा घेता येते. चालकाला फाटक नाही. तो केबिनमध्ये एकटा असतो. त्यामुळे त्याची संघटना बांधणे जितके कठीण, तितकेच त्याच्यावर नजर ठेवणेही मालकाला आजवर कठीण होते. ह्या दोन अडचणींपैकी मालकाची अडचण यंत्राने दूर केली आहे. आपली अडचण होती तेथेच आहे.

यंत्र कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी नाहक गूढ निर्माण केले जाते. आकाशातील उपग्रह गाडीकडे पाहत नाहीत. ते केवळ अचूक वेळेचे संदेश सोडीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की गाडीतील यंत्र आपली जागा स्वतःच गणिताने काढते, आणि आत बसविलेल्या मोबाईलच्या सिमकार्डातून ती जागा, वेग, इंजिन चालू की बंद, हे सारे कंपनीच्या संगणकाकडे पाठविते. अमेरिकेने ही व्यवस्था आपल्या सैन्यासाठी उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला, आणि नागरी वापरासाठी मुद्दाम कमी ठेवलेली अचूकता मे २००० मध्ये खुली झाली. आपल्या ‘इस्रो’ने २०१३ पासून स्वतःची नाविक व्यवस्था उभी करावयास घेतली. म्हणजे आकाशातला महागडा भाग दोन्हीकडे सरकारी पैशाने झालेला आहे आणि संदेश सर्वांना फुकट आहेत. पैसा मिळतो तो खाली, नोंद साठविण्यात आणि ती दाखविण्यात. ह्या व्यापारात विकली जाणारी खरी वस्तू नोंद ही आहे.

नोंदवही ही आपल्या भागाला नवी नाही. डिसेंबर १८७४ मध्ये ह्याच शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने एका देशमुखाच्या घरावर हुकूमनामा बजावला आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंडचा भागही त्याच तालुक्यात होता. तेथून तो उठाव पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इंग्रज सरकारच्या चौकशी आयोगाने नमूद केलेली एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे मुकाट्याने हवाली केले तेथे बहुधा दंगा झाला नाही. नाकारले तेथे ते हिसकावून जाळण्यात आले.

शेतकरी अडाणी होते म्हणून त्यांनी कागद जाळले, असे साहेबी लेखणीने लिहिले. मला तसे वाटत नाही. त्यांना वही म्हणजे काय ते पक्के ठाऊक होते. देणे-घेणे दोघांचे, पण वही एकाकडे. लिहिणार तोच, वाचून दाखविणार तोच, आणि न्यायालयात पुरावा म्हणून चालणार तीही तीच. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याचे गुणदोष पुष्कळ आहेत आणि त्यांवर आज बोलावयाचे नाही. परंतु त्यात एक लहानसे प्रकरण होते. फेडीची लेखी पावती मागण्याचा, दरसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि स्वतःजवळ खातेपुस्तिका ठेवून तीत नोंदी करून घेण्याचा हक्क त्याने शेतकऱ्याला दिला. परक्या सरकारलासुद्धा एवढे समजले होते की वहीची दुसरी प्रत ऋणकोच्या हातात असली पाहिजे.

आता केबिनमध्ये या. यंत्र लिहिते ती वही चालकाच्या श्रमाची आहे. इंजिन केव्हा सुरू झाले, गाडी कोठे किती वेळ थांबली, रात्री किती वाजेपर्यंत धावली, हे सारे तीत मिनिटाच्या हिशेबाने उतरते. ती मालकाच्या मोबाईलवर दिसते, आणि माल पाठविणाऱ्या कारखान्याच्या कचेरीतही दिसू शकते. ज्याच्या श्रमाची ती नोंद आहे त्याला ती फक्त एकाच प्रसंगी दाखविली जाते, आणि तो प्रसंग म्हणजे दंड कापण्याचा. ‘धाब्यावर चाळीस मिनिटे का थांबलास?’ हा प्रश्न त्या वहीतून निघतो. ‘कारखान्याच्या फाटकाबाहेर माल उतरण्याची वाट पाहत तुझे अकरा तास गेले, त्यांचे काय?’ हा प्रश्न त्याच वहीत लिहिलेला असतो, पण तो कोणी वाचीत नाही.

ह्या खोळंब्याकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. आपल्याकडे बहुतेक चालकांचा हिशेब फेरीवर असतो. फेरीमागे ठरलेली रक्कम, वर भत्ता. अशी पद्धत का पडली? मालकाला चालकाचा वेळ दिसत नव्हता, म्हणून. जे दिसत नाही त्याचे मोल ठरविता येत नाही. म्हणून दिसणाऱ्या गोष्टीचे, म्हणजे पोहोचलेल्या मालाचे, मोल ठरले आणि वेळेचा सारा धोका चालकाच्या अंगावर पडला. फाटकावर रांग लागली, गव्हाणीपाशी उसाच्या गाड्या तुंबल्या, घाटात कोंडी झाली, तर नुकसान त्याचे. आज वेळ दिसू लागला आहे. मग मजुरीचा करार मात्र वेळ न दिसण्याच्या काळातलाच का राहावा? मालकाने नव्या यंत्राचा फायदा घेतला आणि जुन्या कराराचाही घेतला. त्याला दोन्ही हातांनी मिळते आहे.

ह्याचा परिणाम काय होतो ते अमेरिकेने दाखवून दिले आहे. तेथे चालकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आहे, आणि १८ डिसेंबर २०१७ पासून तास नोंदविणारे विद्युत्यंत्र बहुतेक मालवाहू गाड्यांवर सक्तीचे झाले. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले. तासांचा नियम पूर्वीपेक्षा अधिक पाळला जाऊ लागला, परंतु अपघात कमी झाल्याचे दिसले नाही, आणि लहान मालकांच्या गाड्यांत तर बेफाम वेगाचे गुन्हे वाढले. कारण सरळ आहे. तास बांधले, पण मजुरी मैलांवरच ठेवली. मग चालकाने बांधलेल्या तासांत अधिक मैल कोंबले. फेरीवर मजुरी ठेवून वर यंत्र बसविले तर आपल्या रस्त्यांवर निराळे काही होईल, असे मानण्यास मला कारण दिसत नाही.

युरोपची कथा थोडी वेगळी आहे आणि आपल्या उपयोगाची आहे. १९७० साली युरोपीय समुदायाने मालवाहू गाड्यांत टॅकोग्राफ नावाचे नोंदणीयंत्र बसविण्याचा नियम केला. ब्रिटनमधील चालकांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हटले, त्यांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला, आणि १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाचा निकाल ब्रिटिश सरकारविरुद्ध गेल्यावरच तेथे अंमलबजावणी हलली. आज त्या यंत्राच्या बळावर युरोपातील चालक दिवसाला सामान्यतः नऊ तासांहून अधिक गाडी चालवीत नाही, आणि सलग साडेचार तासांनंतर त्याला पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. हेर संरक्षक कसा झाला? तीन कारणे मला दिसतात. तासांची मर्यादा कायद्याने आधी ठरली होती आणि यंत्र तिच्या पहाऱ्याला बसले. नोंदीची प्रत मागण्याचा हक्क चालकाला मिळाला. नव्या यंत्रात तर चालकाचे स्वतःचे कार्ड असते आणि ते त्याच्या खिशात राहते. आणि २००६ च्या नियमाने, रस्त्याची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने मजुरी किंवा बक्षीस अंतराशी जोडण्यास मालकाला मनाई केली. म्हणजे यंत्र एकटे आले नाही. त्याच्याबरोबर हक्क आले, आणि ते संघटनेच्या बळावर आले.

आपल्याकडील कायद्याची स्थिती पाहू. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला तो लागू होता. त्याची अंमलबजावणी किती झाली ते ह्या सभागृहात बसलेल्या चालकांना विचारण्याची गरज नाही. रात्रीच्या दोन वाजता चौफुल्यावर तपासणीस कोण येणार? आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्यविषयक संहिता लागू झाली आणि १९६१ चा कायदा तीत विलीन झाला. आठ तास कागदावर राहिले, परंतु आस्थापनेची मर्यादा पाचाऐवजी दहा कामगारांची झाली. सहा-सात गाड्यांचा धंदा करणाऱ्या मालकाचे चालक ह्या व्याख्येच्या बाहेर पडले. तास मोजण्याचे यंत्र प्रथमच अनेक गाड्यांत आले, आणि नेमक्या त्याच वेळी तासांचे संरक्षण अनेकांच्या डोक्यावरून निघाले. ह्याला योगायोग म्हणावयाचे असेल त्याने म्हणावे.

नोंदीवरील हक्काचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाच्या आहेत. त्या कायद्याचे सातवे कलम कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाला नुकसानीपासून वाचविण्यासाठी, कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा त्यात आहे. आणि माहितीचा उतारा मागण्याचा जो हक्क अकराव्या कलमात दिला आहे, तो ज्याने संमती दिली अथवा आपण होऊन माहिती दिली त्याच्यापुरता आहे. संमती विचारलीच नाही तर उताराही नाही. १८७९ साली भीमथडीच्या कुणब्याला सावकाराच्या वहीचा जो उतारा मागता येत होता, तो आज भीमाकाठच्या चालकाला त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नोंदीचा कायद्याने मागता येणार नाही.

लहान मालकांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण ह्या दोन तालुक्यांत मालक म्हणजे सदैव भांडवलदार नव्हे. जमीन तारण टाकून, हप्त्यांवर एक-दोन गाड्या घेतलेला शेतकऱ्याचा मुलगाही मालकच म्हणविला जातो. डिझेलची चोरी झाली तर त्याचा हप्ता थकतो. त्याला यंत्र हवे असेल तर त्याला दोष देता येणार नाही. नैरोबी शहरातील लहान प्रवासी गाड्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात यंत्राची माहिती हाती आल्यावर मालकांनी चालकांबरोबरच्या कराराच्या अटी बदलल्या, त्यांचा खर्च घटला आणि धंदा वाढला, असे दिसून आले. तेव्हा करार बदलू शकतो. प्रश्न कोणत्या दिशेने बदलावयाचा एवढाच आहे. मात्र ह्या लहान मालकाने हेही ध्यानात ठेवावे की त्याच्या गाडीतील यंत्रावर त्याच्याही वरच्या कोणाची तरी नजर असू शकते. दूर बसून इंजिन बंद करण्याची सोय ह्या यंत्रांत करता येते. कर्ज देणाऱ्याच्या हाती ती कळ गेली, तर हप्ता चुकलेल्या दिवशी गाडी भर रस्त्यात थांबेल आणि कोणत्याही न्यायाधीशासमोर जावे लागणार नाही. करड्याच्या सावकाराला निदान हुकूमनामा आणावा लागला होता. अमेरिकेतील मालवाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली असे दाखविले, की गाडीत नोंदणीयंत्रे आल्यावर गाड्यांची मालकी चालकांकडून कंपन्यांकडे सरकू लागली. पूर्वी गाडी जपून चालवावी म्हणून ती चालकाच्याच मालकीची असणे मोठ्या व्यापाऱ्याला सोयीचे होते. यंत्र आल्यावर ती सोय उरली नाही. एक गाडीवाल्यांनी यावर विचार करावा.

वाळूचा प्रश्न मी टाळणार नाही. गौण खनिजाच्या वाहतुकीला राज्य सरकारने २०२२ पासून जी.पी.एस. बंधनकारक केले आणि ‘महाखनिज’ प्रणालीशी जोडले. हेतू चांगला आहे. नदी आपल्या सर्वांची आहे, आणि तिचे पात्र खरवडले गेले की विहिरींचे पाणी खाली जाते हे दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. परंतु परवान्याने वाळू नेणाऱ्या गाडीवर यंत्र असते, आणि बेकायदा उपसा करणारा यंत्र लावून येत नाही. महसूल खाते अधूनमधून नदीत जाऊन उपशाच्या बोटी स्फोटाने उडविते, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, आणि पुढे पुन्हा बोटी दिसतात. पकडला जातो तो चालक. माल कोणाचा, पैसा कोणाचा, हे नोंदविणारे यंत्र अद्याप कोणी बनविले नाही, कारण त्याची मागणी वरून होत नाही.

घरच्या मोटारीकडे वळतो. येथे मालक आणि मजूर नाहीत असे आपण समजतो. वृद्ध वडील गाडी घेऊन गेले, मुलगी रांजणगावच्या पाळीवरून रात्री परतते आहे, तर घरच्यांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे. तिनेच ‘माझी जागा तुम्हाला दिसू द्या’ असे म्हटले तर त्यात वावगे काही नाही. पण तिला न सांगता तिच्या स्कूटरच्या बैठकीखाली यंत्र लपविले, तर ती काळजी राहत नाही, पाळत होते. मुलगी कोणाला भेटते, सून माहेरी किती वेळ थांबली, हे मोजण्यासाठी यंत्र घेणारी घरे आपल्याच ओळखीत आहेत. आपल्या कार्यकर्त्यांचीही असतील. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर दोन गोष्टी झाल्या. २०१३ साली स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आणि पुढे प्रवासी वाहनांत जागा दाखविणारे यंत्र व संकटकाळी दाबावयाचे बटन बसविण्याचा नियम निघाला. तो १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना लागू झाला, तीनचाकी रिक्षा त्यातून वगळल्या. एकाच दुःखातून पाठलागाविरुद्धचा कायदाही निघाला आणि मागोवा घेणारे यंत्रही निघाले. ह्यांतला फरक ज्याला कळतो त्याला माझे उरलेले भाषण ऐकण्याची गरज नाही. बटनाविषयी एवढेच, की ते दाबल्यावर पलीकडे कोणी जागे आहे का, हे आपल्या तालुक्यात विचारून पाहावे.

आता करावयाचे काय? यंत्र फोडा, तारा तोडा, असे मी सांगणार नाही. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे चालक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ते कलम अंमलात आणणे लांबणीवर टाकावे लागले. त्या वेळी चालक म्हणत होते की अपघाताच्या जागी थांबलो तर जमाव मारतो, म्हणून पोलीस ठाणे गाठावे लागते. तो थेट ठाण्याकडे गेला की पळाला, हे सांगणारा निःपक्षपाती साक्षीदार ह्या यंत्राइतका दुसरा कोण आहे? चालकानेच हे यंत्र मागावे अशी ती स्थिती आहे. परंतु साक्षीदार एकाच पक्षाच्या घरी कोंडून ठेवलेला असता कामा नये.

म्हणून करार करताना यंत्राचा विषय मजुरीच्या विषयाबरोबरच मेजावर आला पाहिजे. नोंदीची मासिक प्रत चालकाला मराठीत, त्याच्या मोबाईलवर आणि मागितल्यास कागदावर मिळावी. त्या नोंदीतील आठ तासांवरचे प्रत्येक मिनिट जादा कामाच्या दराने मोजले जावे आणि फाटकावरचा खोळंबा काम म्हणून धरावा. खोळंब्याची भरपाई लहान मालकाने नव्हे, तर गाडी अडवून ठेवणाऱ्या कारखान्याने द्यावी; ह्या मागणीत एक-दोन गाड्यांचे मालक आपल्याबरोबर येतील, कारण त्यांचीही गाडी तेवढा वेळ अडकलेली असते. चालकाला नोंद दाखवून त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय दंड कापला जाऊ नये. काम संपल्यावर गाडी चालकाच्या दारात उभी असेल तर तिच्या जागेपलीकडे काही टिपले जाऊ नये. इंजिन दुरून बंद करण्याची कळ कर्ज देणाऱ्याच्या हाती राहू नये. आणि संहितेतील दहाची मर्यादा वाहतुकीपुरती पुन्हा पाचावर आणावी, ही मागणी विधिमंडळात व संसदेत आपल्या लोकांनी मांडावी.

ह्यांतील पहिल्या मागणीला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या गाडीवर यंत्र आहे त्या चालकांनी येत्या महिन्याची नोंद मालकाकडे लेखी मागावी. समजूतदार मालक देतील. न देणाऱ्याचा नकार लेखी घ्यावा. नोंद मिळालीच नाही तर चालकाने साध्या शाळेच्या वहीत निघण्याची, पोहोचण्याची आणि गाडी रिकामी होण्याची वेळ रोज लिहून ठेवावी. शिरूरच्या साथींनी रांजणगावच्या फाटकापासून आणि दौंडच्या साथींनी कुरकुंभपासून सुरुवात करून ही कागदपत्रे पक्षाच्या कचेरीत गोळा करावी. फाटकावर वाया जाणाऱ्या तासांचा हिशेब मांडून देण्याचे काम मी अंगावर घेतो.